उघडी हाळी

२० नोव्हेंबर १९८६, पालघर

दिवाळीची सुट्टी संपून आज कॉलेजचा संगीत विभाग उघडला. सुट्टीत मुलांचे गळे बसलेले असतात, म्हणून पहिल्या दिवशी मी राग घेत नाही. म्हटलं, आपापल्या घरी, गावात ऐकलेला सगळ्यांत लांब आवाज काढून दाखवा. सरावलीच्या रामसजीवनने कारखान्याचा भोंगा काढला. त्यावर हशा झाला. मग दांडीच्या मंजुळाने हाळी घातली आणि हशा थांबला.

आवाज खालून उठला, वरच्या षड्जावर गेला आणि तिथे उभा राहिला. न हलता. इतकी वर्षं शिकतो आणि शिकवतो आहे, पण असा लागलेला षड्ज फार थोड्या वेळा ऐकला. फक्त शेवट वाईट होता. षड्जावरून एकदम घसरून गंधाराच्या आसपास कुठेतरी, ना शुद्ध ना कोमल, आणि तिथे एक लहान धक्का देऊन बंद. डोक्यावरची घागर धप्पकन जमिनीला टेकावी तसा.

ती म्हणाली, धुकं पडलं की तिची आजी किनाऱ्यावर उभी राहून अशी हाळी घालायची. होड्या त्या आवाजाच्या रोखाने यायच्या.

तबल्याचे नामदेव म्हणाले, "सर, मी तर उठायच्या बेतात होतो. वाटलं, बायकोनं जेवायला बोलावलं."

मुंबईचं एक निवासी संगीत विद्यालय दर वर्षी बाहेरगावचा एक विद्यार्थी निवडतं. राहणं, जेवण, शिक्षण सगळं त्यांच्याकडे. परीक्षा फेब्रुवारीत आहे. मंजुळाचे वडील समुद्रात गेले ते परतलेच नाहीत, आई मासळी सुकवून विकते. या मुलीला मी तिथे पोचवणार. हे लिहिताना माझा मोठेपणा किती आणि तिचं भलं किती, ते तपासलं. तिचं भलं जास्त आहे असं वाटतं.

२९ नोव्हेंबर

हाळीचा षड्ज आलापीत आणायचा, तर तिचं ते शेपूट काढावंच लागेल. परीक्षकांपुढे तो बेसूर शेवट गेला, तर आधीचं सोनं मातीत. आठवडाभर तेवढंच घेतलं. "स्वर उभा आहे तिथेच विरू दे. खाली येऊ नकोस."

ती पुन्हा पुन्हा घसरायची. म्हणाली, "सर, ते खाली ठेवल्याबिगर मला दुसरा श्वास नाय घेता येत."

"सवय आहे ती. सवय मोडते."

आज मोडली. स्वर वर उभा राहिला आणि तिथेच बारीक होत गेला. कुठे संपला ते कळलंच नाही. आम्ही सगळे ऐकत राहिलो. मी खूष झालो. मुलगी मात्र तोंड किंचित उघडं ठेवून तशीच बसली होती, काहीतरी विचारायचं राहून गेल्यासारखी.

संध्याकाळी नेहमीप्रमाणे चारही तंबोरे लावून, कापडी गवसण्या घालून खोली बंद केली. चौथा कुणीच वाजवत नाही. तो माझ्या बायकोचा, हंसाचा. ती उपचारांसाठी मुंबईला गेली ती परत आली नाही. अंत्यविधीसकट सगळं तिकडेच उरकलं. त्याला आता दोन वर्षं होतील. घरात तंबोरा बघवेना म्हणून कॉलेजला दिला. तो लावताना एक गोष्ट दर वेळी आठवते. हंसा पंचमाची तार केसभर उतरलेली ठेवायची. मी लग्न झाल्यापासून ती चढवत आलो. ती म्हणायची, "राहू द्या की जरा दमलेला. दिवसभर माणूसही दमतं." मला बेसूर सहन होत नाही. आजही बरोबर लावला.

८ डिसेंबर

हार्मोनियमच्या पट्ट्यांवर पांढरी पूड बसली आहे. बोटाने घेऊन जिभेला लावली. खारट. तंबोऱ्यांच्या तारांना तांबूस डाग पडले आहेत. नामदेवांचा तबला सादळतो, वर्गात येताच आवाज बसतो. बाहेर व्हरांड्यात नेला की चढतो.

शिपायाला विचारलं, "महादू, खोलीत बोंबील वाळत घातलेस काय रे?"

"मी माळकरी माणूस, सर. वास आला तरी अंघोळ करतो."

नामदेव म्हणाले, "दर्या इथून चार कोसांवर. तो आपल्याकडे गाणं शिकायला येतो म्हणायचा!"

डिसेंबरची हवा असेल. यंदा थंडी ओली आहे. खिडक्या बंद ठेवायला सांगितलं.

एक नोंद करतो, कारण करायला हवी. चौथ्या तंबोऱ्याचा पंचम सकाळी उतरलेला होता. केसभरच. ओलाव्याने तार सैल होते. पण मग बाकी तिन्ही तंबोरे उतरायला हवे होते.

पुन्हा चढवून ठेवला.

१७ डिसेंबर

मुलं विचित्र बसायला लागली आहेत. पूर्वी सतरंजीवर एकमेकांना चिकटून, कुजबुजत बसायची. आता दोघांच्या मध्ये एका माणसाची जागा सोडतात. मी ओरडलो, "सरका, जवळ बसा, आवाज एकत्र यायला हवा." सरकली. पण मंजुळाचा लांब षड्ज झाल्यावर पाहतो, तर पुन्हा तशीच जागा सोडून बसलेली. सरकताना कुणी दिसलं नाही.

रामसजीवनला म्हटलं, "तू तरी पुढे ये, ही जागा रिकामी आहे."

तो उभा राहिला, जागेकडे बघितलं आणि म्हणाला, "सर, ये जगह किसी की है."

"कुणाची?"

"पता नहीं. पर है."

सगळी हसली. तोही हसला. पण बसला नाही.

पंचम रोज उतरलेला असतो. मी रोज चढवतो. महादूकडे किल्ली असते, त्याला विचारलं. तो म्हणाला, तंबोऱ्याला हात लावायची माझी छाती नाही, तुम्ही जीव घ्याल. खरं आहे.

२८ डिसेंबर

आज रविवार. बोईसरला उतरून एसटीने दांडीला गेलो. मंजुळाच्या आईने निरोप पाठवला होता, सर, एकदा येऊन जा. तिचं नाव जमना. अंगणात वाकट्या दोरीवर वाळत होत्या. तिने खाटेवर गोधडी टाकली.

"बसा. मच्छीचं घर हाय, वास येल. तुमाला सोसंल काय?"

मी केळव्याचा आहे, म्हटलं, वासाचं मला सांगू नका.

"मंग ऱ्हायलं. बघा सर, पोर गाते ते चांगलं हाय. मी अडवत नाय. पण ती थांबायची इसरली हाय. पाण्याची घागर डोक्यावर घेऊन येते न् दारात उबीच ऱ्हाते. मी बोलते, अगं उतरव. तवा उतरवते. जेवायला बसली तर हात ताटात. उठ बोलले का उठते. तुमी तिला चढायला शिकवलं, ते बरं केलं. उतरायला कोण शिकवंल?"

मी म्हटलं, परीक्षेचा ताण आहे. मग हाळीचं विचारलं. तिची आजी शेवट कसा करायची?

जमना हसली. "म्हातारीचा शेवट कोण ऐकत बसतो? होडी दिसली का आमी टोपल्या घेऊन धावायचो. सगल्यांच्या होड्या लागल्या का ती मागनं हाळी खाली ठेवायची, येवढं ठावं. कशी ठेवायची ते कोणी बगितलं? ही तेवडी कडंवर असायची तिच्या."

मंजुळा चुलीपाशी पाठमोरी बसली होती. जमनाने आवाज उतरवला.

"एकदा मातर ठेवली नाय. हिचा बापूस गेला त्या साली. सगले आले, त्याचीच होडी नाय. म्हातारी हाळी घालतच ऱ्हायली, खाली काय ठेवीना. बोलली, माजा पोर आल्याबिगर नाय ठेवणार. मंग सर, येयाला लागले."

"कोण?"

"ते काय नाव सांगतात? जे आले नाय कदी, ते. आमची कोरडी जाळी सकालला ओली. भांड्यात मीठ. घरात बसायला गेलं तर जागाच नाय, आन् माणूस तर कोणी नाय. हाळी उघडी असली का येणारा येतच ऱ्हातो. मंग सगला गाव आला न् बोलला, म्हातारे, ठेव आता खाली. ठेवली तिनं. मंग मरंपर्यंत घातली नाय."

"आणि तुमचे यजमान? ते आले होते का त्यांत?"

"असतीलही." ती वाकट्या परतायला लागली. "तुमी शिकलेली माणसं. तुमाला जास्त कळतं."

परतताना बोईसर स्टेशनवर बराच वेळ बसलो. एका म्हातारीचं पुत्रदुःख आणि त्याभोवती गावाने विणलेली कथा. तर्काने पाहिलं तर यात काही नाही. तरीही मुलीला तिचा शेवट परत द्यावा, असं मनात आलं. आठवडाभराचं काम.

पण परीक्षा तोंडावर आहे. परीक्षेनंतर देऊ.

२ जानेवारी १९८७

आज पंचम चढवला नाही. तसाच राहू दिला.

१० जानेवारी

रोज पहाटे धुकं असतं. वर्ग भरण्याआधीच मी कॉलेजला जातो. कारण म्हणून महादूला सांगितलं, तारा बदलायच्या आहेत. तारा बदलल्या नाहीत.

गवसणी काढून घडी घालून ठेवलेली असते. मी कधी घडी घालत नाही, खुंटीला अडकवतो. घडीचा एक कोपरा आत खोचलेला असतो. हंसा रुमालसुद्धा तसाच ठेवायची.

मी ती घडी मोडत नाही. तंबोऱ्याशेजारी सतरंजीवर बसतो. बाकीची सतरंजी दमट असते, तेवढी जागा कोरडी असते. काही बोलत नाही. बोलण्यासारखं काही उरलेलं नव्हतं, असं मला वाटायचं. तसं नव्हतं बहुतेक.

मंजुळाचा लांब षड्ज आता दिवसातून दोनदा घेतो. परीक्षेसाठी घ्यायलाच हवा. ती वाळली आहे. डोळ्यांखाली काळं आलं आहे. आज आवाज संपल्यावरही तिचं तोंड उघडंच राहिलं, श्वास आत जाईना. नामदेवांनी तबल्यावर फाडकन थाप मारली, तेव्हा तिने दचकून श्वास घेतला.

नंतर मला बाहेर बोलावून म्हणाले, "सर, पुरे करा. पोर मरंल."

"तयारी अर्धवट सोडता येत नाही, नामदेव."

"तयारी कोणाची चाललीय?"

मी त्यांच्यावर रागावलो. आता शांतपणे तोच प्रश्न स्वतःला विचारतो. उत्तर लिहायला पेन टेकवलं आणि उचललं.

१९ जानेवारी

व्हायचं ते आज वर्गात झालं. षड्ज लावला आणि मंजुळाला तो सोडता येईना. आवाज विरला, ओठ निळे पडले, तरी मान वर, गळा ताठ. नामदेवांची थाप, माझं ओरडणं, काही उपयोग नाही. महादूने तोंडावर पाणी मारलं, तेव्हा कोसळली. डॉक्टर म्हणाले, छातीत काही दोष नाही, अशक्तपणा आहे, घरी न्या.

शुद्धीवर आल्यावर माझ्याकडे बघून, अगदी हळू म्हणाली, "सर, ते सगले आलेत, पण अजून उबेच हायत. बसा बोललं नाय त्यांना कोणी."

"कोण ते? तुझे वडील दिसतात का?"

"तोंडं नाय दिसत. सगले ओले हायत, निथळतात." मग म्हणाली, "एक बाई तेवढी कोरडी हाय. तुमच्या बाजूला."

२० जानेवारी

काल पुढे लिहिता आलं नाही.

जमनाला निरोप पाठवला. मंजुळाला तिच्या मावशीकडे पालघरलाच ठेवलं आहे. आज तिथे जाऊन म्हटलं, "हाळीचा शेवट कर. फक्त शेवट. पूर्वी करायचीस तसा."

तिने केला. षड्जावरून गंधारावर आली. शुद्ध गंधार, घासून पुसून लखलखीत. पुन्हा केला, तोच. तिला रडू आलं. "नाय सापडत, सर. गळा आपसूक बरोबर जागी जातो."

माझं शिकवणं वाया गेलेलं नाही.

तो शेवट ऐकलेला आणि कानात ठेवलेला माणूस आता मीच. म्हणजे तो मलाच काढायला हवा. घरी येऊन दार लावून दुपारभर प्रयत्न केला. आवाज घसरवतो आणि तो एखाद्या पायरीवर बरोबर जाऊन थांबतो. कोमल नाहीतर शुद्ध. मधे उभं राहताच येत नाही मला. शेजारच्या हेमाताईंनी खिडकीतून विचारलं, "काय हो, दात दुखतोय का?"

आणखी एक लिहितो, नाहीतर ही वही खोटी होईल. शेवट सापडत नाही याचं मला दुःख होतं, आणि थोडं बरंही वाटत होतं.

२१ जानेवारी

दुपारी सगळे विभागाच्या खोलीत जमलो. मंजुळा, जमना, नामदेव. दाराशी महादू. इतर मुलांना सुट्टी दिली होती, तरीही आम्ही पाचजण खोलीभर पांगून बसलो होतो. ते माझ्या लक्षात आलं तेव्हा मी कुणाला सरकायला सांगितलं नाही.

जमना म्हणाली, "हाळी तिनंच घालायची. तिचीच हाय. ठेवायला तुमी."

माझा तंबोरा घ्यायला उठलो आणि हात चौथ्याकडे गेला. पंचम सकाळी होता तसाच, उतरलेला. मांडीवर घेतला आणि छेडला. दोन वर्षांत पहिल्यांदा तो तसाच, न चढवता वाजताना ऐकला. ते बेसूर कानात शिरलं आणि पूर्वी व्हायची तशी चिडचिड झाली नाही. तो आवाज आमच्या घरातल्या संध्याकाळचा होता.

मंजुळाने हाळी घातली. तिच्या अंगात कुठून बळ आलं कळत नाही. स्वर उभा राहिला. तिची मान ताठ व्हायला लागली, ओठ पांढरे. जमना ओरडली, "सर, ठेवा!"

मी आवाज लावला. तिच्या षड्जाला भिडवला आणि खाली सोडला. गळा सवयीने शुद्ध गंधाराकडे वळला. पण पायाखाली तो दमलेला पंचम वाजत होता, त्याने मला नेहमीच्या पायरीवर टेकू दिलं नाही. पाऊल चुकलं. ना शुद्ध ना कोमल, असा मधेच कुठेतरी पडलो, धक्का बसला आणि आवाज बंद झाला. घागर टेकते तसा. इतका वाईट स्वर मी आयुष्यात काढलेला नाही.

मंजुळाने खोल श्वास घेतला. मग खोलीभर एक आवाज झाला. पंगतीत वाढून झाल्यावर सगळे एकदम खाली बसतात, तेव्हा कपड्यांचा होतो तसा. मग काही नाही.

नामदेव गुडघ्यांवर हात ठेवून बसले होते. जमनाने विचारलं, "ठेवली?" मंजुळाने मान हलवली आणि म्हणाली, "मला चहा पायजे. साखर जास्ती."

माझ्या डावीकडची जागा मी बघितली नाही. तंबोरा मात्र बराच वेळ खाली ठेवला नाही. शेवटी जमनाच म्हणाली, "सर, तुमी पण."

संध्याकाळी चारही तंबोरे लावले. चौथ्याचा पंचम चढवला, बरोबर लावला, गवसणी घातली, कुलूप लावलं. रोजच्यासारखं. दुसरा कुठला मार्ग नव्हता कळून घ्यायचा.

२२ जानेवारी

लवकर गेलो. सतरंजी कोरडी. गवसणी तंबोऱ्यावरच होती, मी घातली होती तशी.

पंचम बरोबर होता.

१२ फेब्रुवारी

मुंबईची परीक्षा परवा झाली. मंजुळा छान गायली. आलापीत वरचा षड्ज असा लागला की तिन्ही परीक्षकांनी लिहिणं थांबवलं. आणि मग, मला वाटलंच होतं, तो स्वर तिने खाली आणून ठेवला. आजीसारखा, वाकडा, धप्पकन. हाळी खाली ठेवली त्या दिवसापासून तो तिच्या गळ्यात परत आला आहे. एका परीक्षकाने कपाळाला हात लावला. निवड सुरतेच्या एका मुलाची झाली.

परतीच्या गाडीत मी तिची समजूत काढायला शब्द जुळवत होतो. ती खिडकीतून वैतरणेचं पाणी बघत शेंगदाणे खात होती.

"सर, वाईट वाटलं काय तुमाला?"

"तुला नाही वाटलं?"

"वाटलं. पुढल्या वर्षी परत जाऊ." तिने पुडी पुढे केली. "तो शेवट काढायला सांगाल काय मला परत?"

"नाही."

"नायच काढणार मी," ती म्हणाली.

आज वर्गात मुलं चिकटून बसली होती आणि फार बोलत होती, दोनदा ओरडावं लागलं. नामदेवांचा तबला खणखणीत लागतो आहे. महादूने हार्मोनियम पुसून ठेवला.

मी अजून सगळ्यांच्या आधी जातो. काल जाताना पंचम मीच केसभर उतरवून ठेवला होता. हंसासारखा जमला नाही. जास्त उतरला. पुन्हा प्रयत्न केला, तेव्हा कमी उतरला. इतकी वर्षं तो रोज ऐकला, चढवण्यापुरता. नेमका कुठे असायचा, ते मी कधी ऐकलंच नव्हतं.